जोसेफकाका आणि माऊलीचा मुक्काम

आमच्या शेजारच्या जोसेफकाकांना दुपारच्या झोपेत संत जोसेफ भेटायला येतात. रोज नाही. जेवणात बांगड्याचं तिखलं असलं की हमखास येतात, नुसत्या वरणभातावर येतीलच असं सांगता येत नाही. येशूला ज्यांनी वाढवलं ते हे जोसेफ, नाझरेथ गावचे, धंद्याने सुतार. बायबलात देवाचे निरोप त्यांना झोपेतच मिळायचे, आणि काकांचं म्हणणं असं, की ती पद्धत देवाने अजून बंद केलेली नाही. पूर्वी निरोप देवदूत आणायचा, आता एका जोसेफकडून दुसऱ्या जोसेफकडे येतो, एवढाच फरक.

आमच्या आणि त्यांच्या अंगणांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. चहाच्या वेळेला काका आपला कप आणून त्याच्यावर ठेवतात. डोळ्यांत झोप उरलेली असते, गालावर उशीची घडी उमटलेली असते.

"काय ओ बाई, आज आले व्हते."

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून सगळ्या आळीला मी बाई.

"काय म्हणाले?"

"गटार वरच्या अंगाने उपसायला घ्या म्हणाले. खालून घेतलात तर फुकट जाईल."

वरच्या अंगाला काकांचं घर आहे, हे सांगायला नकोच. आमच्या फणसाची एक फांदी त्यांच्या कौलांवर यायची, तीही संतांनी सुचवल्यावरच तोडली. मासळीचे भाव, नगरपालिका, पोस्टातली नवी खिडकी, प्रत्येक बाबतीत संतांचं आणि काकांचं मत तंतोतंत जुळायचं. मी एकदा विचारलंदेखील, "काका, ते तुमच्याशी कधी वाद नाही घालत?"

"कशाला घालतील? समजूतदार माणूस हाय तो," काका म्हणाले.

मला त्यांची थट्टा फार करवत नसे. त्या वेळेला मीसुद्धा अर्धवट झोपेतच असते. आमची आळी रत्नागिरीच्या एका टोकाला, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उताराशी आहे. ऑक्टोबरातल्या दुपारी वरच्या कातळावरचं गवत सोनेरी होतं, कुठेतरी तांबट पक्षी एकसारखा टुकटुकत राहतो, आणि लांबून समुद्राचा आवाज येतो की आपल्याच कानाचा, ते कळत नाही. अशा वेळी एखादा सुतार नाझरेथहून गटाराबद्दल सांगायला आला तर त्यात फार काही वावगं वाटत नाही.

काका निवृत्त झाले ते एस.टी. स्टँडवरून. तिथे ते माईकवर गाड्यांची घोषणा करायचे. त्यांचा आवाज अख्ख्या जिल्ह्याच्या कानात बसलेला आहे. संगमेश्वरच्या एखाद्या आजीने त्यांना उभ्या जन्मात पाहिलेलं नसेल, पण बाजारात त्यांनी भाजीवालीला भाव विचारला की ती मागे वळून बघते आणि नकळत आपली पिशवी सावरते. घरात बोलतात ते आमच्यासारखंच, पण जरा महत्त्वाचा विषय निघाला की काका ताठ होतात, घसा साफ करतात आणि छापील मराठीत शिरतात. रोझीकाकू होत्या तेव्हा त्या म्हणायच्या, "ह्यांनी मला मागणी घातली तीसुद्धा फलाटावर उभी असल्यासारखी ऐकली मी." काकूंना जाऊन आता चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून घोषणा ऐकायला एक मीच उरले.

काकांचा दुसरा छंद म्हणजे माणसं निवडणं. तांदूळ निवडावेत तशी ते माणसं निवडायचे. मूळचे एकीकडे, बाहेरचे दुसरीकडे. नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न, "गाव कुठला?" उत्तर आलं की दुसरा, "तसा नाय, मूळ गाव?" आमच्या बँकेत साताऱ्याचे मॅनेजर आले, ते बिचारे पासबुक भरून द्यायला बसले होते, त्यांना काकांनी खणत खणत पणजोबांपर्यंत नेलं आणि शेवटी निकाल दिला, "म्हणजे बाहेरचेच."

मी एकदा त्यांना पकडलं. "काका, तुमचे आजोबा तर वेंगुर्ल्याहून आले ना? आणि त्यांच्या आधीचे गोव्याहून?"

"आले ना. गलबतातून आले."

"मग तुम्हीही बाहेरचेच की."

काकांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाई, आमचे आजोबा आले तेव्हा बाहेरचे लोक नव्हतेच. ते नंतर सुरू झाले."

मी कप उचलून घरात आले.

हे सगळं गडग्यावरच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण गेल्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले आणि आमच्या प्रभागात विलासशेठ उभे राहिले. शेठचं हार्डवेअरचं दुकान, माणूस तसा मदतीला धावणारा, पण सांगण्यासारखा मुद्दा त्यांच्याजवळ नव्हता. तो त्यांना सड्यावर सापडला. वर चिरेखाणीत काम करायला झारखंडची माणसं येतात. खाणीजवळ पत्र्याची लांबलचक शेड आहे, तिथे ती राहतात, आणि आमच्या आळीच्या वरच्या नळावर पाणी भरतात. उन्हाळ्यात पाणी कमी येतं, ते त्यांच्यामुळेच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं. शेठ म्हणाले, निवडून आलो की पहिली ती शेड हटवतो. आणि हे वाक्य लोकांपर्यंत न्यायला जोसेफकाकांपेक्षा चांगला आवाज कुठे मिळणार होता?

काका त्या संध्याकाळी गडग्याशी आले ते फुलून. "संतांनी पण होकार दिलान," म्हणाले. दुसऱ्या दिवशीपासून रिक्षावर कर्णा लागला. "प्रभागातील नागरिकांनी नोंद घ्यावी. सड्यावरील अनधिकृत शेड हटवण्यात येईल. नळ मूळच्या रहिवाशांसाठी राहील." आवाजात असा दरारा, की वाटावं, शेड आता आपणहून फलाट सोडून निघेल.

त्याच महिन्यात मरियामाऊलीच्या मुक्कामाचे दिवस आले. आमच्याकडे कॅथलिकांची घरं थोडी. ऑक्टोबरात येशूची आई मरिया हिची हातभर उंचीची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी जाते. संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत तिला न्यायचं, त्या घरी सगळ्यांनी बसून माळेची प्रार्थना करायची, उकडलेले चणे वाटायचे, आणि रात्रभर माऊली तिथे पाहुणी. दुसऱ्या संध्याकाळी पुढचं घर. मी हिंदू, पण लहानपणापासून या मिरवणुकीत जाते. खरं सांगायचं तर चण्यांसाठी जाते.

या मुक्कामांची व्यवस्था काकांकडे, आणि ती त्यांनी एस.टी.सारखी बसवलेली. चर्चच्या फळ्यावर वेळापत्रक लागलं की त्यात बदल नाही. माऊली ज्या घरून निघाली तिथे मागे फिरायची नाही. जिथे एकदा टेकली, तिथे रात्रभर मुक्काम. हे नियम बायबलात नाहीत, काकांनी केलेले आहेत, पण फादरसुद्धा ते पाळतात.

एका सकाळी मी काकांच्या पडवीत बसून शेंगा सोलत होते, तेव्हा सड्याकडून एक बाई आली. तिशीची असेल. हातावर चिऱ्याची तांबडी धूळ, गळ्यात काळ्या मण्यांची माळ आणि तिला लोंबणारा छोटा क्रूस.

"अंकल, मैं सुशीला. ऊपर शेड से. चर्च में बोर्ड देखा. माता हमारे यहाँ भी आएगी क्या? एक दिन?"

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मूळचे एकीकडे, बाहेरचे दुसरीकडे, आणि आता ही बाई नेमकी कुठे टाकायची?

"तुम... अपने में से?" त्यांनी विचारलं.

"जी. हम आठ घर. बाकी लोग दूसरे हैं, पर सब बोलते हैं माता आए."

काका ताठ झाले, घसा साफ केला आणि छापील हिंदीत शिरले. वेळापत्रक जाहीर झालं आहे, मार्गात बदल शक्य नाही, विनंतीचा विचार केला जाईल. सुशीलाला त्यातलं किती कळलं देव जाणे. "हम लोग झाड़ू लगा के रखेंगे," म्हणाली आणि गेली. काका बराच वेळ वाटेकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "दुपारी विचारून सांगतो."

दुपारी उत्तर आलं. सड्याचा रस्ता खडबडीत आहे, माऊलीला हिसका बसेल, असं संतांचं मत पडलं होतं, आणि तसा नकार काकांनी शेडवर कळवूनही टाकला होता. नाझरेथहून बेथलेहेमपर्यंत गरोदर मरियेला ज्यांनी गाढवावरून नेलं, त्यांना हिसक्याची काळजी कधीपासून वाटायला लागली, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण काका माझ्या नजरेला नजर देत नव्हते, म्हणून ते मी चहाबरोबर गिळलं.

त्यानंतरच्या शनिवारी माऊली डिसोझाबाईंच्या घरून पिंटोंच्या घरी जायची होती. पिंटोंचं घर सड्याच्या पलीकडच्या अंगाला. संध्याकाळी लवकर प्रार्थना उरकून काकांनी विलासशेठच्या सभेला जायचं, माईकवर सुरुवातीची घोषणा करायची, असं ठरलेलं. आम्ही दहाबाराजण निघालो. सूर्य समुद्रात गेला होता, पण उजेड अजून कातळावर रेंगाळत होता. गवतातून पायवाट, खाली खाडीवर धुक्याचा पातळ थर, मेणबत्त्यांच्या वाती वाऱ्याने आडव्या होत होत्या. पुढे काका, कवेत माऊली. असं वाटत होतं की आपण चालत नसून कुणीतरी आपल्याला हळूहळू पुढे सरकवतं आहे. मला त्या वेळी निवडणूक, नळ, सोमवारची चाचणी परीक्षा, काहीही आठवत नव्हतं.

पिंटोंच्या दाराला कुलूप होतं.

डिसोझाबाईंनी हाका मारल्या, कुणी मागच्या बाजूला जाऊन आलं. शेजारचा माणूस म्हणाला, ते काल सावर्ड्याला लेकीकडे गेले, ती बाळंत झाली. तुम्हाला फोन केला होता म्हणाले.

"मला?" काका म्हणाले. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "परवा दुपारी पिंटो आला व्हता खरा. संतांशी बोलत असताना मध्येच. म्हणाला, आम्ही सावर्ड्याला चाललो. मी म्हटला, हा कशाला शिरला स्वप्नात? आणि कूस बदलली."

फोन उशाशी होता. काकांनी तो झोपेत उचललाही होता, बोलणं ऐकलंही होतं, आणि पिंटोंना संतांच्या रांगेत बसवून सगळं विसरून गेले होते. डिसोझाबाईंना हसू आवरेना. काकांना मात्र घाम फुटला. माऊली मागे फिरवायची नाही. बाकीची घरं खाली शहरात, आणि अंधार पडत चाललेला.

"तुमच्याकडे न्या ना, काका," डिसोझाबाई सहज म्हणाल्या. "वाटेतच आहे. आणि तुमचं नाव फळ्यावर किती वर्षांत लागलेलं नाही."

"माझ्याकडे नको." इतक्या तुटकपणे काका कुणाशी बोललेले मी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात पायवाटेच्या कडेला मला माणसं दिसली. सुशीला आणि तिच्याबरोबर पाचसहा बायका, डोक्यावर पदर, हातात कातळावरच्या रानफुलांचे झुबके. माऊली इथून जाणार हे त्यांना फळ्यावरून कळलं होतं. येणार नव्हती, पण जाताना दिसली असती, म्हणून त्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी काही मागितलं नाही. नुसत्या बघत होत्या.

काका जागीच उभे होते. मूर्ती लहान असली तरी जड आहे, आणि त्यांचा गुडघा वर्षभर दुखतो आहे. त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. सभेची माणसं असणार. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. काकांनी एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा त्या बायकांकडे. मग कुणालाही काही न सांगता ते शेडच्या दिशेने वळले, आणि आम्ही त्यांच्या मागून.

शेडमध्ये खरोखरच झाडून ठेवलेलं होतं. येणार नाही म्हणून सांगितलेलं असतानाही. चिऱ्यांचा ओटा रचला होता, त्यावर घडी न मोडलेली हिरवी साडी अंथरली होती. काकांनी माऊली तिथे टेकवली आणि दोन पावलं मागे सरकले. शेडमधली सगळी माणसं जमली. क्रूसवाले, बिनक्रूसवाले, सगळे.

माळेची प्रार्थना दोन भागांत असते. पहिला भाग एकाने म्हणायचा, दुसऱ्या भागाने बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, की एक मणी पुढे. काकांनी आपल्या स्टँडवरच्या आवाजात सुरुवात केली, "नमो मरिया..." त्यांचा भाग संपला, आणि पत्र्याखालून उत्तर आलं. हिंदीत, वेगळ्याच चालीत, पण इतकं एका दमात आणि इतकं भरून, की वरचे पत्रे थरथरले. खाली आमच्या घरांमध्ये चारपाचजण पुटपुटतात, तसं हे नव्हतं. काका पुढचा मणी धरायचं विसरले. तोंड किंचित उघडं ठेवून ते ऐकतच राहिले. सुशीलाने हळूच म्हटलं, "अंकल, आगे."

फोन पुन्हा वाजला. काकांनी तो बंद करून डिसोझाबाईंच्या पर्समध्ये टाकला. त्या दिवशी चणे नव्हते. शेडमधल्या बायकांनी पोहे कालवले होते, गूळ घालून. मी दोनदा घेतले.

दुसऱ्या दिवशी काका चहाला आले ते कप न घेताच.

"आले व्हते," म्हणाले. "पण आज मीच विचारला त्यांना. म्हटला, राजाच्या शिपायांच्या भीतीने पोराला घेऊन इजिप्तात गेलात. तिथं राहिलात कसे? कोण ओळखीचा व्हता? कागद कुठला दाखवलात? आणि पाणी? नळ कोणाचा व्हता?"

"नळ?"

"विहीर असेल. मी नळच म्हटला."

"मग?"

"हसले. म्हणाले, विहिरीवर एक बाई व्हती. तिने आमचा गाव विचारलान नाय. घागर उचललीन आणि बाजूला सरली. तेवढ्यावर आम्ही तगलो."

तांबट पक्षी टुकटुकत होता. त्या बाईच्या जागी मी असते तर सरले असते का, हा विचार माझ्या मनात आला आणि तो मला काही आवडला नाही.

"बाई, हे स्वप्न मला पटला नाय," काका म्हणाले. "अंगावर काटा आला. म्हणून वाटता, हे खरा असणार. आधीची सगळी माझीच मी पाडून घेतली असतील."

विलासशेठ संध्याकाळी स्वतः आले. सभेला काका आले नाहीत म्हणून रागावले होते, पण बोलणं गोड होतं. मी गडग्याच्या अलीकडे दोरीवरचे कपडे काढत होते आणि मुद्दाम सावकाश काढत होते.

"काका, झालं गेलं सोडा. उद्या रिक्षा पाठवतो. मजकूर तोच."

"त्यातला एक वाक्य काढायला लागेल. शेडचा."

"अहो, तेच तर मुख्य आहे! लोकांना दुसरं काय हवंय? आणि त्या माणसांना इथे मत तरी आहे का?"

"नाय. म्हणून तर त्यांच्या वतीने कोण बोलत नाय."

शेठनी आवाज आणखी गोड केला. मग म्हणाले, "तुमच्या धर्मातले निघाले म्हणून तुम्हाला पाझर फुटला. आठ घरांसाठी काहीतरी करू, बाकीच्यांना हटवू. मग तर झालं?"

हे काकांना लागलं असणार. मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले.

"सुशीला दारात आली तेव्हा मी तसाच विचार केला," ते म्हणाले. "आपल्यातली म्हणून वेगळी काढावी. सोपा व्हता. पण विलास, माऊली अख्ख्या शेडमध्ये राहिली. तिने अर्धा पत्रा निवडलान नाय. आता मी कसा निवडू?"

"काका, धर्म घरात ठेवा. राजकारण वेगळं."

"घरातच व्हता इतकी वर्षं. तिथं तो माझ्याच मताचा होऊन बसला."

शेठ चहा न घेता गेले. आळीत कुरकुर झाली. डिसोझाबाईंचे यजमान म्हणाले, जोसेफ म्हातारा झाला. नळावर दोनतीन बायका माझ्यासमोर मुद्दाम मोठ्याने बोलल्या. पण काकांचा आवाज गेल्यावर शेठची पंचाईत झाली. त्यांनी एका तरुणाला रिक्षात बसवलं, तो ते वाक्य असं काही तालासुरात म्हणायचा, की लोक हसायचे. काकांनी म्हटलं तेव्हा जे हुकमासारखं वाटलं होतं, ते आता जत्रेतल्या जाहिरातीसारखं वाटायला लागलं. आठवड्याभरात वाक्य गळलं आणि त्याच्या जागी मोकाट कुत्री आली. शेड राहिली. काका काही त्या दिवसापासून संत झाले नाहीत. शेडमधला रेडिओ फार मोठ्याने लागतो, अशी तक्रार करायला ते स्वतः सड्यावर गेले आणि दोन तासांनी पोहे खाऊन आले. नळाच्या वेळा मात्र त्यांनी ठरवून दिल्या, शेडसकट. त्या फळ्यावर लागल्या, त्यामुळे आता त्यात बदल नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी ते सकाळीच गडग्याशी आले.

"बाई, तुमचा मोठा टोप द्या. चणे उकडायचे हायत. फळ्यावर शेवटचा दिवस रिकामा व्हता, आज माऊली माझ्याकडे."

मी टोप आणून दिला, पण त्यांनी तो लगेच उचलला नाही. बोटाने काठावरची राख पुसत राहिले.

"डिसोझाबाईंना मी तोडून बोललो त्या दिवशी. तुम्हाला पण चमत्कारिक वाटला असेल. बाई, लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी माळेचा पहिला भाग माझा, दुसरा रोझीचा. ती गेली, तरी मी बसतो. माझा भाग म्हणतो, मग तिचा म्हणून होईल एवढा वेळ गप्प राहतो, मग पुढचा मणी. आता माऊली घरी आणायची आणि तिच्यासमोर अर्धीच प्रार्थना म्हणायची? पाहुणीला अर्धा ताट वाढल्यासारखा होईल. लोक येतात, पण चणे घेऊन निघायची घाई त्यांना. म्हणून माझा नावच फळ्यावर लावायचो नाय."

चार वर्षं मधे एक गडगा होता, आणि मला हे माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "काका, मला सांगायचं होतं."

"तुम्हाला येत नाय ती," काका म्हणाले. ते खरंच होतं.

संध्याकाळी शेडमधली माणसं आली. त्यांनी चपला बाहेर ओळीने काढल्या, आणि ती ओळ आमच्या फाटकापर्यंत गेली. काकांच्या त्या एवढ्याशा खोलीत सगळे मांडी घालून, दाटीवाटीने बसले. मी भिंतीला टेकून. रोझीकाकूंच्या फोटोखालच्या टेबलावर माऊली ठेवली होती. काकांनी मेणबत्त्या लावल्या, माळ हातात घेतली, घसा साफ केला, आणि नुसतेच उभे राहिले. मला वाटलं, शब्द विसरले.

मग ते सुशीलाच्या शेजारी, खाली जमिनीवर येऊन बसले.

"तू बोल, बेटी. पहला."

"मैं? अंकल, आप..."

"पहला तू."

तिने सुरुवात केली, "प्रणाम मरिया..." तिचा भाग संपला. खोलीतलं कुणी उत्तराला सुरुवात करेना, सगळ्यांना कळलं होतं की थांबायचं आहे. बाहेर समुद्राचा आवाज येत होता. आणि मग काकांनी म्हटलं, "हे पवित्र मरिये..." हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. त्यात स्टँड नव्हता, माईक नव्हता. हळू, जपून, कुणाची तरी वस्तू हातात घेतल्यासारखा. दुसऱ्या मण्याला बाकीचे त्यांच्यात मिसळले. माळ पूर्ण होईपर्यंत काकांनी तेवढाच भाग म्हटला, काकूंचा.